मासे खाल्लेत, दूध नको

३ मार्च, मंगळवार

जेवण झाल्यावर दुधाचा पेला पुढे केला, तर हे म्हणाले, "नको. दुपारी मासे खाल्लेत."

एवढंच. दुसऱ्या कुठल्या घरात या वाक्यावर कुणी मान वर केली नसती. पण आमच्या घरात मासे मी आणते, मी साफ करते आणि मीच शिजवते, आणि गेला आठवडाभर मी मासळीबाजाराकडे फिरकलेली नाही.

"कुठे खाल्लेत?"

"काम होतं त्या इमारतीत. आग्रह केला."

"कोणी?"

"होत्या एक बाई." आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. इतक्या वर्षांत मला एक कळलंय. ज्या बाईच्या इमारतीची लिफ्ट बंद पडते, ती बाई मेकॅनिकला चार शब्द सुनावते. फार झालं तर चहा पाजते. ताटात मासे वाढून "अजून एक घ्या" म्हणत नाही.

ही वही दोऱ्याच्या व्यापाऱ्याने दिलेली, गिऱ्हाइकांची मापं लिहायला ठेवली होती. आजपासून यात हेच लिहिणार. तोंडाने बोलले तर मलाच ऐकू येईल, आणि मग ते खरं वाटायला लागेल.

७ मार्च

आज केळं नको म्हणाले. कारण? "दुपारी दही झालंय."

सासूबाईंचे नियम यांच्या हाडीमाशी भिनलेत. माशांवर दूध नाही. मध गरम करायचा नाही. रात्री दही नाही, दह्यावर केळं नाही. कलिंगड एकटंच खायचं, त्यावर घोटभर पाणीसुद्धा नाही. आंबट फळ आणि दूध शेजारी शेजारी ठेवायचंही नाही. दुधात केळं तर नावच काढायचं नाही. "एकेकटे सगळे गुणी असतात गं," त्या म्हणायच्या, "पोटात एकत्र आले की भांडतात." यांची त्यावर पूर्ण श्रद्धा, माझी अर्धी. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. स्वयंपाकघरात चोरून दुधात केळं कुस्करून खाताना यांनी मला पकडलं. ओरडले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि आई येतेय का ते बघत राहिले. सासूबाई गेल्यावर तर दर रविवारी स्वतः केळं चिरून माझ्या दुधात घालायला लागले. स्वतः मात्र चमचाभरही खात नाहीत. "मला बघायला आवडतं," म्हणतात.

आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे दोघांचं लक्ष एकमेकांच्या ताटात. म्हणूनच मला आता सगळं वाचता येतंय. दूध नाकारलं म्हणजे बाहेर मासे झाले. केळं नाकारलं म्हणजे बाहेर दही झालं. परवा कलिंगडाची फोड परत सारली, म्हणजे पोट आधीच भरलेलं होतं. ज्या ताटावर मी नाही, त्या ताटात काय काय होतं ते हे मला रोज नकळत सांगतात.

कोणीतरी माझ्या नवऱ्याला पोटभर जेवू घालतंय.

९ मार्च

पँट घेऊन आले. "कंबर जरा आत घेऊन दे."

जरा? मी टेप लावला आणि दोनदा बघितलं. वीस वर्षं मी या माणसाच्या पँटी शिवतेय, कंबर दरवर्षी सोडावी लागते. आत घ्यायची वेळ पहिल्यांदा आली. या वयात पुरुष उगाच बारीक होत नाही. कोणासाठी तरी होतो. माझ्याकडे लग्नाचे सूट घट्ट करायला येतात ते सगळे असेच पोट आत ओढून उभे असतात.

त्यात आणखी एक. मोजे पुढे केले आणि म्हणाले, "याचं इलॅस्टिक काढून टाक, घोट्याला रुततं." कंबर सैल आणि मोजे घट्ट. हे गणित काही जमेना, पण मोज्यांवरून कोणी भानगडी करत नाही, म्हणून सोडून दिलं.

आणि हल्ली लिफ्टने वर येतात! आयुष्यभर "मी लिफ्ट आतून बघितलीय, मी जिनाच चढणार" म्हणणारा माणूस. दमून येतात म्हणे. कशाने?

१२ मार्च

गॅलरीत कपडे काढायला गेले, तर हे कोपऱ्यात पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. आवाज इतका नम्र, की आधी वाटलं कंपनीच्या मालकाशीच बोलतायत.

"नाही, घरी अजून सांगितलेलं नाही. ... तिला सहन व्हायचं नाही. ... हो, तुम्ही सांगाल तसं. मंगळवारी येतोच."

मी कपडे तसेच दोरीवर ठेवून मागे फिरले. मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या बाहीला दोनदा तीच शिवण घातली.

तुम्ही! निदान "तू" तरी म्हणायचं. तुम्ही म्हणतात, म्हणजे बाई मानाची आहे. शिकलेली असणार. मंगळवारची आहे.

१४ मार्च

नणंदेला बोलावून घेतलं. ती या गावातच राहते, आणि भावाच्या पोटातलं तिला माझ्याआधी कळतं. चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "वन्सं, यांचं काही वेगळं वाटतं का हो तुम्हाला?"

तिचा कप बशीवर वाजला. "वेगळं म्हणजे?"

"बारीक झालेत. बाहेर जेवतात."

"बाहेर? दादा बाहेर नाही गं जेवत," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, जेवत असेल. मला काय माहीत?" मग बराच वेळ चहा ढवळत बसली. चहात साखर नव्हती. शेवटी म्हणाली, "वहिनी, त्याला खायचा फार आग्रह करत जाऊ नकोस. नको म्हणाला तर नको."

म्हणजे हीसुद्धा सामील!

निघताना दारात थांबून म्हणाली, "आईच्या वेळी तू काय केलं होतंस, आठवतंय ना?" सासूबाईंचं मीठ बंद झालं होतं, तेव्हा मीही मीठ सोडलं होतं. म्हाताऱ्या माणसाला एकटीला अळणी गिळायला लावायचं कसं? महिन्याने मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडले, कपाळाला टाका पडला. पण ते आता मध्येच कशाला? विषय बदलायला बरं सापडलं तिला.

१७ मार्च, मंगळवार

आज कामावरून आल्या आल्या पुन्हा "मासे खाल्लेत".

मशीनवर शिवता शिवता विचार केला आणि एक युक्ती सुचली. सासूबाई सांगायच्या, माशांवर दूध गेलं की अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. तर मग शहानिशा करायची. यांना कळू न देता दूध पोटात घालायचं. खाज सुटली, तर मासे खरे, म्हणजे ती बाईही खरी. खाज नाही सुटली, तर मासे खोटे. मग कशासाठी खोटं बोलतात, तो पुढचा प्रश्न.

रात्रीच्या सूपमध्ये दुधाची पावडर घातली, चांगल्या मुठी भरून. चव लपावी म्हणून बदाम वाटून घातले, टोमॅटो घातला, थोडी खारकेची पूड. यांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघितलं. "आज घट्ट झालंय." मी म्हटलं, "खास तुमच्यासाठी केलंय." मग सगळं संपवलं. पेला पुसून काढावा तसा वाडगा पुसून संपवला, आणि नजर खाली ठेवली.

अपराधी माणूस असाच जेवतो.

२० मार्च

खाज सुटली.

आज सकाळी दाढी करताना पाठ दाराच्या कडेला घासत होते. दंडावर नखांचे ओरखडे. "काय झालं?" "डास." आमच्याकडे या दिवसांत डास नसतात.

म्हणजे सासूबाई खऱ्या होत्या, नियम खरा होता, मासे खरे, बाई खरी. माझी अर्धी श्रद्धा आज पूर्ण झाली. सिद्ध झालं की सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला काज करत होते, आणि सुई बोटात गेली तरी कळलं नाही.

यांच्याविना मी राहू शकेन का, असं आज पहिल्यांदाच स्वतःला विचारलं. उत्तर आलं ते असं की, शिवणकामावर पोट भरेल, पण जेवायचं कोणासमोर?

२३ मार्च

भांडायचं नाही असं ठरवलं. भांडून गेलेला नवरा परत येत नाही, भांडणाने दुसरीकडची खुर्ची फक्त मऊ होते. मी जिंकणार ती माझ्या हाताच्या जोरावर. ती बाई मंगळवारी एक वेळ वाढते. मला आठवड्याचे सगळे दिवस आहेत.

सकाळी शहाळ्याचं पाणी. न्याहारीला भिजवलेले बदाम आणि खजूर. दुपारच्या डब्यात पालक आणि दाट डाळ. संध्याकाळी संत्र्याचा रस. जे जे पौष्टिक म्हणून लहानपणापासून ऐकलं, ते सगळं काढलं. हे प्रत्येक वेळी कुठला ना कुठला नियम पुढे करायचे. आंबटावर हे नको, दह्यावर ते नको. मीही सासूबाईंच्याच हाताखाली शिकलेली. प्रत्येक नियमातून वाट काढली. दही घरात विरजलंच नाही, मासे आणलेच नाहीत. आता सांगा बघू, कशावर काय चालत नाही?

संध्याकाळी रस पुढे केला तर पेल्याला हात लावला नाही. मला रडूच आलं. म्हटलं, "माझ्या हातचं एवढं नकोसं झालंय का?"

पेला उचलला आणि प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत माझ्याकडे बघत होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती दिवसांनी ठेवला!

वाटलं, आता जिंकतेय.

२७ मार्च

रोज सगळं खातात. नाही म्हणत नाहीत. मी समोर बसते आणि बघते. पण चेहरा पिवळट दिसतोय, आणि काल पाना हातातून दोनदा पडला म्हणे. कामावरून लवकर घरी आले. मनात पाल चुकचुकली, की तिला सोडायचं जिवावर आलंय, म्हणून झुरतायत.

झुरा, म्हटलं. उतरेल.

१ एप्रिल

लिहून ठेवलं पाहिजे.

काल मंगळवार. सकाळी यांचा फोन वाजला, यांनी नाव बघून बंद केला. मला कळलं, ती. मुद्दाम म्हटलं, "आज लवकर या, टोमॅटोचं सूप करतेय." संध्याकाळी वीज गेली आणि आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. मी दारात उभी होते. जिन्यावर पावलं ऐकू आली, मग थांबली. कठड्यावरून वाकून बघितलं, तर हे खालच्या वळणावर बसले होते. माझ्या मनात काय आलं? की घरात यायचं की नाही, याचा विचार करत बसलेत. मी वरूनच म्हटलं, "कोणाची वाट बघताय?"

यांनी मान वर केली. "अगं, पाय उचलत नाहीत."

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, डॉक्टर पळत आले, सुया टोचल्या. माझ्याशी कोणी बोलेना. नणंद आली ती रडतच. आणि तिच्या मागून एक बाई आली. माझ्याच वयाची, केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पांढऱ्या कोटाची शिवण खिशापाशी उसवलेली, तिथे स्टेपलरची पिन मारलेली. मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्या मिसेस ना? गेल्या आठ दिवसांत त्यांनी काय काय खाल्लं ते मला आठवून सांगाल?"

मला हा प्रश्न आवडला. सांगते ना, म्हटलं. यांच्या तब्येतीची हेळसांड केली असं कोणी म्हणायला नको, म्हणून घडाघडा सांगितलं. शहाळं, बदाम, खजूर, पालक, डाळ, संत्र्याचा रस, टोमॅटो, सूपमध्ये दुधाची पावडर. केळीसुद्धा, कुस्करून, पोळीच्या कणकेत लपवून. बाईने आधी लिहून घेतलं, मग लिहायची थांबली.

"हे सगळं त्यांना कोणी दिलं?"

"मी," म्हटलं. अजून मान ताठच होती माझी.

बाई माझ्या शेजारी बाकावर बसली. म्हणाली, "मी इथली आहारतज्ज्ञ. त्यांची मूत्रपिंडं कमजोर झाली आहेत. डिसेंबरपासून माझ्याकडे येतात, दर मंगळवारी. तुम्ही सांगितलेलं एक एक चांगल्या माणसासाठी उत्तम आहे. त्यांच्या शरीरातून त्यातले क्षार बाहेर जात नाहीत. रक्तात साठतात, त्याने हातापायातली शक्ती जाते. हृदयसुद्धा थांबू शकतं."

"आणि खाज?" मी विचारलं.

"खाजही त्यातलीच. दुधाने, सुक्या मेव्याने वाढते. का?"

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, मंगळवारी दादा यांच्याकडेच यायचा."

माझी मंगळवारची बाई! मी तिच्या कोटावरची पिन बघत राहिले.

३ एप्रिल

धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडं काही पहिल्यासारखी होणार नाहीत, पण सांभाळलं तर बरीच वर्षं निघतील म्हणे.

आज यांच्याशी बोलू दिलं. मी ठरवून गेले होते की रडायचं नाही. गेल्या गेल्या रडले.

"मासे कोणी खायला घातले?" हेच पहिलं तोंडातून निघालं. लाज नाही मला.

"कुठले मासे? घशाखाली एक घास गेला नाही," हे म्हणाले. "दूध बंद केलं होतं त्या आहाराच्या बाईंनी. तुला काय सांगणार? मग आईचा नियम आठवला. तू माझ्याशी वाद घालतेस, आईच्या नियमाशी घालत नाहीस. म्हणून मासे, म्हणून दही. रोज एक थाप."

"आणि मी घालत होते ते गिळलंत कशाला? माहीत होतं ना?"

यांनी छताकडे नजर वळवली. "तू रडलीस."

"रडले म्हणून विष खायचं?"

"विष काय म्हणतेस? तू केलेलं होतं." मग म्हणाले, "आधीच सांगितलं असतं तर तू आईच्या वेळी केलंस तेच केलं असतंस. मला केळं बंद, तर तुलाही बंद. दूध बंद, संत्रं बंद. अगं, तू खातेस ना, तेवढंच एक बघायला मला... " पुढे बोलले नाहीत. नर्स आली आणि तिने मला बाहेर काढलं.

मला वाटायचं, आपल्याला सगळं वाचता येतं. रोज ताटातून वाचत होते आणि रोज दुसऱ्याच बाईचं नाव निघत होतं. सैल कंबर आणि सुजल्या पायांवर घट्ट मोजे एका माणसाच्या अंगावर का, हे शिंप्याच्या पोरालाही विचारावंसं वाटलं असतं. मी विचारलं नाही.

निघताना आहाराच्या बाईंच्या खोलीत गेले. कोट मागून घेतला, पिन काढली आणि तिथेच उभ्या उभ्या शिवण घालून दिली. पर्समध्ये सुईदोरा असतोच. त्या हसल्या, म्हणाल्या, "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." काय ऐकलं असेल याचाही संशय आला, पण विचारलं नाही.

८ एप्रिल

घरी आणलं. बटाटा चिरून पाण्यात भिजत घालते, ते पाणी ओतून देते, मग शिजवते. डाळ मोजून. मीठ चिमटीने. माझा संशयी स्वभाव काही जाणार नाही, पण आता त्याला चांगलं काम मिळालंय. बाजारात पालकाच्या जुडीकडे मी अशी बघते, की भाजीवालीने विचारलं, "ताई, काय बिघडलं माझ्या पालकाचं?" टोमॅटोवर विश्वास नाही. खजुराला उंबरा ओलांडू देत नाही. सासूबाईंच्या हिशेबात कोणाबरोबर कोण भांडतो ते होतं. माझ्या हिशेबात यांच्याशी कोण भांडतो तेवढंच.

आणि हो, दूध मीही सोडलं. केळीही आणली नाहीत. यांना सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी उठून बघते तर हे स्वयंपाकघरात. एका हाताने ओट्याचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने केळं चिरत होते. समोर दुधाचा वाडगा.

"अहो! ठेवा ते खाली!"

"माझ्यासाठी नाही," म्हणाले. "रविवार आहे."

"केळं आलं कुठून?"

"वन्संना सांगितलं, पिशवीत घालून आण म्हणून." नणंदेला हे मला चिडवायला वन्सं म्हणतात. वाडगा माझ्याकडे सरकवला. "चार दिवस दूध उतू जात नाहीये या घरात. मला काय कळत नाही?"

"मला नको. पोट बरं नाही."

"पोट बरं नाही," यांनी मान डोलावली. "दुपारी मासे खाल्लेस वाटतं?"

मी वाडगा परत त्यांच्याकडे सरकवला.

"हे बघ," म्हणाले, "तू सोडलंस तर मी उद्यापासून परत थापा मारायला लागेन. दुखलं तरी सांगणार नाही. मग बस ओळखत."

हे धमकी देतात आणि ती पाळतात, हे मला आता माहीत आहे. मी खुर्ची ओढली. चमचा घेतला. हे जाऊन दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, सासूबाईंची चाहूल घ्यायला राहायचे तसेच, फक्त आता चौकटीचा आधार खराच लागतो. मी खाली मान घालून खायला लागले. केळं पिकलेलं, साय आलेलं दूध. रविवारचा हा वाडगा बंद पडून महिना झाला असेल.

"गोड आहे का?" यांनी विचारलं.

"पाणचट आहे. केळं कच्चंच होतं."

चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"खोटं बोलतेस," म्हणाले, आणि मी वाडगा खरवडून संपवेपर्यंत दारातून हलले नाहीत.